आधी हा घास

वर्तमानात जगा, असं मला हल्ली जो तो सांगतो. डॉक्टर सांगतात, रक्तदाबाच्या गोळीचं नाव लिहिता लिहिता, माझ्याकडे न बघता. लेक सांगते, शिरवळच्या कंपनीतून साताऱ्याला घरी परतताना, बसमधून, फोनवर. म्हणजे ती स्वतः त्या घडीला धड बसमध्ये नसते आणि धड घरीही नसते, पण आईने मात्र वर्तमानात असायला हवं. तिने माझ्या मोबाइलवर एक ॲप टाकून दिलंय. दिवसातून कधीही त्यात घंटा वाजते आणि एक बाई मऊ आवाजात विचारते, "आत्ता तुम्ही कुठे आहात?" मी कुठे असणार? कुपवाडला, कारखान्याच्या स्टोअरमध्ये, उद्याच्या गाडीत कुठला माल आधी चढवायचा ते लिहीत. त्या बाईला उत्तर द्यायची सोय नाही, नाहीतर सांगितलं असतं, की बाई, मी आत्ता इथे नाहीच, मी उद्या सकाळी गाडीच्या मागे उभी आहे. आणि मी आजच तिथे जाऊन उभी राहिले नाही, तर उद्या गाडी अर्धी रिकामी जाईल.

मी याद्या करणारी बाई आहे. किराण्याची, औषधांची, पावसाळ्याआधी करायच्या कामांची, दिवाळीनंतर करायच्या कामांची. फ्रिजवर एक, पर्समध्ये एक, स्टोअरच्या टेबलावरच्या काचेखाली एक. लोक हसतात, आणि हसून झालं की तेच विचारतात, "मॅडम, तो प्लंबरचा नंबर असेल ना तुमच्याकडं?" आता पन्नाशी उलटल्यावर मला सांगतात की पुढचा विचार करायचं सोडा. सोडते. पण मग तो कोण करणार? त्याचं नाव कळवा, सगळ्या याद्या त्याच्या हवाली करून मी मोकळी होते.

गेल्या शुक्रवारी तर कहर झाला. आमच्या मालकांनी कारखान्यात मनःस्वास्थ्याचं सत्र ठेवलं, तेही ऐन गाडी भरायच्या वेळी. पुण्याहून एक तरुण आला होता. पांढरा कुर्ता, पायात काही नाही. त्याने आम्हा सगळ्यांना सतरंजीवर बसवलं आणि प्रत्येकाच्या तळहातावर कागदी रुमालात एकेक बेदाणा ठेवला.

"हा पदार्थ तुम्ही आयुष्यात पहिल्यांदाच बघताय असं समजा," तो म्हणाला. "फक्त बघा. मनात कुठलंही मत येऊ देऊ नका."

सांगली जिल्ह्यात येऊन बेदाणा पहिल्यांदा बघा म्हणतो! माझ्या शेजारी पॅकिंगचा बिरू बसला होता. त्याचं गाव जतकडचं. घरात मेंढरं होती, आता मेव्हण्याची द्राक्षबाग आहे. त्याने बेदाणा उजेडाला धरला आणि माझ्याकडे झुकून म्हणाला, "मॅडम, ह्यो काळपट हाय. दोन नंबरात बी कुणी घ्याचं न्हाई."

पलीकडून तासगावची सुरेखा म्हणाली, "गंधकाची धुरी बी नीट बसली न्हाई वाटतंय."

"देठ बी तसंच हाय की."

"आवं, पुण्यात काय भावानं घेतला म्हनायचा ह्यो?"

"कृपया शांतता," तो तरुण म्हणाला. त्याच्या मनात त्या क्षणी कुठलंही मत नव्हतं असं मला वाटलं नाही.

मग त्याने बेदाणा जिभेवर ठेवायला सांगितला. चावू नका. आता एकदाच चावा. आता सावकाश गिळा, आणि गिळताना गळ्यात नेमकं काय होतं ते अनुभवा.

तिथे माझं डोकं फिरलं. माझा बेदाणा अजून हातातच होता. तो तसाच रुमालात गुंडाळून मी पर्समध्ये टाकला, फोन आल्यासारखं केलं आणि उठले. पुढ्यात गाडी उभी होती हे एक. पण खरं कारण वेगळंच होतं. गिळताना गळ्यात काय होतं, ते मला या मुलाने शिकवायचं?

तीन-चार वर्षांपूर्वीचा हळदीचा एक अख्खा हंगाम मी तेवढंच बघत बसले होते.

*

या दिवसांत सांगलीहून माहेरी, आष्ट्याकडे निघालं की डिग्रज सोडल्यावर वास सुरू होतो. स्वयंपाकघरातल्या हळदीशी त्या वासाचा फारसा संबंध नाही. ओली माती, उकडलेलं रताळं आणि लहानपणी छातीला चोळायचे तो एखादा लेप, असं सगळं एकाच वाफेत मिसळावं तसा तो असतो. गाडीच्या काचा बंद केल्या तरी आत येतो. रानात हळद काढून झालेली असते, वाळका पाला बांधावर पडलेला, मळ्यामळ्यातून पांढऱ्या वाफेचे लोट. आमच्या लहानपणी मोठ्या काहिलीत हळद शिजायची आणि आम्ही पोरं लांब उभी राहायचो. आता बॉयलर लावलेली पिंपं असतात, नळीने वाफ सोडतात, काम भराभर होतं. पिवळेपणा मात्र पहिल्यासारखाच. उंबरा पिवळा, बायकांच्या साड्यांचे काठ पिवळे, पाण्याची घागर पिवळी. आमच्या मळ्यातला पांढरा कुत्रा फाल्गुनापर्यंत पिवळा होतो आणि पहिला वळीव पडेपर्यंत तसाच हिंडतो.

त्या वर्षी पौषात अण्णांना, माझ्या वडिलांना, झटका आला. उजवी बाजू लुळी पडली, बोलणं जड झालं. हे सगळं माणसं समजून घेतात, कारण ते दिसतं. न दिसणारी गोष्ट अशी, की अण्णा गिळायचं विसरले. तोंडात घातलेला घास कुठल्या वाटेने जायचा ते त्यांच्या गळ्याला कळेना. सांगलीच्या दवाखान्यात नाकातून नळी घातली. त्यांनी ती डाव्या हाताने उपसून काढली. पुन्हा घातली, आणि हात मऊ पट्टीने पलंगाला बांधला. शेतात उभं आयुष्य काढलेला माणूस, हात बांधलेला. ते माझ्याकडे बघत राहायचे, आणि मी दवाखान्याच्या कागदांची फाइल लावत राहायचे.

मधे निमोनिया झाला, तो उतरला. नळी काढली. घरी सोडताना डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, "तोंडाने भरवून बघू. अन्न श्वासनलिकेत गेलं आणि पुन्हा निमोनिया झाला, किंवा वजन उतरत राहिलं, तर पोटातून कायमची नळी घालावी लागेल. पाडव्यानंतर तपासायला आणा."

अण्णांना सगळं कळत होतं. गाडीत बसल्यावर त्यांनी जिवाच्या करारावर दोन शब्द जुळवले. "नळी. न्हाई."

मग थोड्या वेळाने, आयर्विन पुलावरून नदी दिसली तेव्हा, आणखी एक. "पाणी."

तेच तर द्यायचं नव्हतं. गिळण्याचे व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी बजावलं होतं, की साधं पाणी सगळ्यात धोक्याचं. ते पातळ असतं, चटकन चुकीच्या वाटेला जातं. पाण्यातसुद्धा एक पूड घालून ते दाट करायचं आणि चमच्याने भरवायचं. अण्णांनी पहिला चमचा घेतला आणि तोंड वाकडं केलं. "खळ," ते म्हणाले. बरोबरच होतं. पतंग चिकटवायच्या खळीसारखंच दिसायचं ते.

*

बाईंचे नियम मी लिहून घेतले, टाइप केले, प्लास्टिकमध्ये घालून पलंगाशी टांगले. पाठ सरळ. हनुवटी छातीकडे. अर्धा चमचा. तोंडात घास असताना बोलायचं नाही, बोलवायचं नाही. गळ्याचा मणी वर जाऊन खाली येतो का ते बघायचं. मग 'आ' म्हणायला सांगायचं. आवाज कोरडा आला तर घास नीट गेला. ओला, घोगरा आला तर गळ्यात काहीतरी अडकलंय. खोकायला लावायचं, थांबायचं. मगच पुढचा घास.

धाकटा भाऊ शीतल आणि त्याची बायको सुजाता हळदीत गळ्यापर्यंत बुडालेले. शिजवणं, वाळवणं, पॉलिशचा ड्रम, मजुरांचा चहा-नाश्ता. म्हणून मी रजा काढली आणि मळ्यातल्या घरी राहायला गेले. वेळापत्रक केलं. मला वाटलं, नियम आहेत, वेळापत्रक आहे, मी आहे. होऊन जाईल.

एक गोष्ट मी धरलीच नव्हती. सूर्य.

आम्ही जैन. अण्णा दिवस मावळल्यावर जेवत नाहीत. म्हणजे कधीच नाही. कांदा-बटाटा, जमिनीखालचं काही खात नाहीत, आणि आयुष्यभर जमिनीखालचंच पीक काढून जगले; वाळलेली हळद तेवढी चालते. माझ्या सांगलीच्या घरी रात्री नऊला जेवणं होतात, माझं तर ओट्याशी उभ्यानेच. त्यावरून अण्णा मला कधी बोलले नाहीत. फक्त माझ्याकडे आले की पाचच्या सुमाराला चपला शोधायला लागायचे.

दुपारच्या व्यायामाने ते दमून जायचे, झोपायचे. उठून बसवून तोंड धुवून पहिला चमचा जाईपर्यंत उन्हं कलायला लागलेली असायची. मिक्सरमधून काढलेला मऊ भात आणि मुगाचं दाट वरण, एवढीच ती वाटी. ती संपायला तासाच्या वर लागायचा. पश्चिमेच्या खिडकीतून सूर्य दिसायचा, शेजारच्या उसाच्या शेंड्यांवर टेकायला आलेला. मी एक डोळा सूर्यावर, एक वाटीवर.

"गिळलं?"

मान हलायची. नाही.

"आवं अण्णा, गिळा की. दिवस चाललाय."

घाई करून कुणाला कधी गिळवता आलंय? जिने आयुष्यात एका वेळी एक काम केलेलं नाही, वरण उकळतंय तोवर कणीक आणि कणीक भिजतेय तोवर फोन, अशी माझ्यासारखी बाई, तिच्या हातात अर्धा चमचा देऊन देवाने सांगावं, बस आता, यातच बस. मला राग यायचा. अण्णांच्या गळ्याचा, सूर्याचा, शीतलच्या हळदीचा. वाटायचं, सूर्याला कुणीतरी माझं वेळापत्रक दाखवा.

त्यात भेटायला येणारी माणसं. गावाकडची माणसं आजाऱ्याला भेटायला येतात ती प्रेमाने येतात, हे मी शपथेवर सांगेन. पण सगळ्यांचा प्रश्न एकच. पलंगाशी उभं राहून, मोठ्या आवाजात, "मला वळकलंसा का? सांगा बगू, मी कोन?" जणू अण्णा परीक्षेला बसलेत. मी दारावर कागद लावला: अण्णा जेवत असताना बोलू नये. तर लोक दारात उभे राहून तो कागद मोठ्याने वाचायचे. मग विचारायचे, "का वं, का बोलू न्हाई?"

*

एका संध्याकाळी चंपाआत्या आली. अण्णांची चुलत बहीण, त्यांच्याहून थोडी लहान, लहानपणापासून त्यांच्याशी भांडत आलेली. मी हाताने खुणा करत होते, पण आत्या खुणा बघणाऱ्यातली नव्हे.

"दादा! वळकलंसा का? का मलाबी इसरलासा?"

अण्णांच्या तोंडात घास होता. आणि चंपाआत्याला उत्तर न देता राहणं त्यांना जन्मात जमलेलं नव्हतं. ते हसले, आणि "चं—" एवढंच म्हणाले.

ठसका लागला. साधा नव्हे. आवाजच फुटेना. चेहरा लाल, मग काळपट. मी त्यांना पुढे वाकवलं.

"आगं बया, पानी दे की त्यास्नी! बघत काय बसलीस?" आत्याने तांब्या उचलला.

"पाणी न्हाई द्यायचं! ठेव तो तांब्या!"

"आसली कसली गं लेक तू? मानूस गुदमरतोय आन पानी देईना!"

"आत्या, ठेव म्हणते ना!"

ओरडा ऐकून शीतल धावत आला, कोपरापर्यंत पिवळे हात. त्याने अण्णांना धरलं. मग कुठूनतरी खोकला फुटला. एक, आणखी एक. घास बाहेर आला. मी म्हटलं, "अण्णा, आ म्हणा." आवाज आला, चिखलात पाय पडावा तसा. "परत खोका." परत. परत. शेवटी कोरडा आला.

मी मान वर केली तर खिडकीत सूर्य नव्हता. उसामागे नुसता लाल पट्टा. वाटी अर्धी तशीच.

"अण्णा, आज चालतंय," मी चमचा भरला. "आजाऱ्याला सूट असती. म्हाराजसुद्धा हेच सांगतील."

त्यांनी ओठ मिटले.

"वजन कमी झालं तर नळी घालतील. घालू दे?"

डावा तळहात वर आला. पुरे. मी बोलले, जे सुचेल ते बोलले. धर्म माणसासाठी असतो, माणूस... असलं काहीतरी. ते ऐकत होते, ओठ मिटून. आत्या कोपऱ्यात बसून पदराने डोळे पुसत होती. अखेर तीच म्हणाली, "ऱ्हाऊ दे गं. त्येंचं त्येंनी धरलंय, तेवढं तरी त्येंच्या हातात ऱ्हाऊ दे."

मला तेव्हा तेही पटलं नाही. आजही अर्धंच पटतं.

त्यानंतरचे दोन दिवस मी थर्मामीटर घेऊन हिंडत होते. ताप आला असता तर सगळं तिथेच संपलं असतं. सुजाता सारखी दारातून विचारायची, "वन्सं, ताप हाय का वो?" आणि मी नाही म्हणून मान हलवायचे. तिसऱ्या सकाळीही पारा खालीच होता. बाहेर पॉलिशचा ड्रम फिरायला लागला, आत हळकुंडं एकमेकांवर आपटायला लागली, तो धडधडाट मला त्या दिवशी चक्क चांगला वाटला.

*

चमच्याची गोष्ट त्यानंतरची.

ठसक्याने मी घाबरले होते, पण घाबरल्याने माणूस सावकाश होत नाही, उलट आणखी पुढे धावतो. मी घास भरवताना उद्याच्या तापाचा विचार करत होते, पाडव्यानंतरच्या तपासणीचा, नळीचा, नळी घातली तर रात्री कोण थांबेल त्याचा. आणि खिडकीत सूर्य होताच. हात आपला आपण चालला होता. भर, ने, भर, ने.

चमचा अडकला.

अण्णांनी तो दातांत धरला होता. मी हलकेच ओढला. सुटेना. जरा जोराने ओढला. सुटेना. मला वाटलं जबडा आखडला, आणि मी दचकून त्यांच्या तोंडाकडे बघितलं. तर डोळे माझ्यावर रोखलेले. घट्ट, ओळखीचे. लहानपणी आई नसताना तेच माझी वेणी घालायचे, आणि शाळेत जायच्या वेळी मी वेणीकडे लक्ष न देता बडबडत असले की अशीच वेणी धरून ठेवायचे, मी गप्प होईपर्यंत.

मी गप्प झाले. त्यांनी चमचा सोडला.

ते रोज व्हायला लागलं. माझं लक्ष खिडकीकडे गेलं की चमचा अडकायचा. फोनकडे गेलं की अडकायचा. अंगणात शीतल आणि व्यापाऱ्याची घासाघीस चालली असेल आणि माझे कान तिकडे गेले, तरी अडकायचा. त्यांना कसं कळायचं कोण जाणे. मी वैतागून म्हणायचे, "सोडा की वं अण्णा." ते सोडायचे नाहीत. मी बघेपर्यंत सोडायचे नाहीत.

म्हणून मग मी बघायला लागले. दुसरा इलाज नव्हता.

पांढरे खुंट आलेला गळा. त्यावर हळदीची बारीक पूड, कारण हवेतच ती असायची. घास आत गेला की आधी काहीच व्हायचं नाही. मग हनुवटीखाली किंचित काहीतरी हलायचं, मणी थरथरायचा, वर जायचा, तिथे क्षणभर थांबायचा, आणि उतरायचा. बाहेर वाफेचा लोट खिडकीवरून गेला की खोलीतला उजेड पिवळा व्हायचा आणि परत पांढरा. वाळत घातलेल्या हळदीत कुणीतरी फावडं फिरवल्याचा आवाज. "आ." कोरडा. पुढचा चमचा.

मला तेव्हा फार शांत वाटायचं, असं लिहिलं तर खोटं होईल. पाठ दुखायची. मांडीला मुंग्या यायच्या. एवढंच, की मणी वर चढत असताना माझ्या डोक्यात दुसरं काही मावायचं नाही. तो उतरला की सगळं परत भरून यायचं, गाडी, नळी, गॅस, लेकीचा फोन. पुढच्या घासाला परत रिकामं. आणि एक गंमत झाली. वाटी सूर्याच्या आधी संपायला लागली. मी घाई करत होते तेव्हा ठसके, खोकणं, थांबणं यातच अर्धा वेळ जात होता. हे लक्षात आल्यावर मला आनंद व्हायच्या ऐवजी संतापच आला. एवढी साधी गोष्ट, आणि माझ्या कुठल्याच वेळापत्रकात तिला जागा नव्हती.

*

पाडवा झाला. हळद पोत्यांत भरून सांगलीच्या बाजारात गेली. आम्ही अण्णांना घेऊन दवाखान्यात गेलो. काट्यावर वजन बघून डॉक्टरांनी नळीचं नाव काढलं नाही, म्हणजे ठीक होतं. मग गिळण्याच्या बाई आल्या. त्यांनी पेल्यात पाणी ओतलं. पूड नाही, काही नाही. साधं पाणी. सुजाताने घरून गाळून आणलेलं.

"एक चमचा देऊन बघू या," त्या म्हणाल्या, आणि चमचा माझ्याकडे दिला. "तुम्हीच द्या. तुमची सवय आहे त्यांना."

शीतल भिंतीला टेकून उभा होता. त्याच्या नखांत अजून पिवळं होतं. मी अर्धा चमचा पाणी अण्णांच्या ओठांशी नेलं. त्यांनी हनुवटी खाली घेतली. पाणी आत गेलं.

काहीच झालं नाही. मग मणी हलला. चढला. थांबला.

उतरला.

"आ म्हणा, अण्णा."

"आ."

कोरडा. विहिरीच्या कडेला उभं राहून हाक मारावी तसा स्वच्छ.

बाईंनी मान डोलावली. आम्ही सगळे श्वास सोडायच्या बेतात होतो, तेवढ्यात अण्णा बोलले. इतक्या दिवसांनी पहिल्यांदा, कुणी न विचारता, नीट.

"गार हाय," ते म्हणाले.

*

हे सगळं त्या पुण्याच्या मुलाला सांगत बसायला मला वेळ नव्हता, गाडी भरायची होती. पण रविवारी आष्ट्याला गेले तेव्हा पर्समध्ये तो कागदी रुमाल सापडला. हंगाम पुन्हा सुरू झालाय. अंगणात हळद पसरलेली, कुत्रा पिवळा व्हायला लागलेला. अण्णा आता डाव्या हाताने स्वतः जेवतात. सावकाश, एका वेळी एक घास, कुणी घाई केली तर तिकडे बघतही नाहीत. बोलणं अजून थोडं जड आहे, पण चंपाआत्याला पुरून उरेल इतकं आहे.

दिवस कलला होता म्हणून सगळ्यांचीच पानं वाढली. मी त्यांच्या शेजारी बसले. सूर्य उसावर टेकायला आलेला. मला सवय नाही त्या वेळेला जेवायची, आणि मला साडेसहाला निघायचंही होतं, म्हणून मी भराभर जेवत होते आणि एकीकडे सांगत होते. पुण्याचा मुलगा, सतरंजी, बिरू काय म्हणाला, सुरेखा काय म्हणाली. मधेच मी तो बेदाणा काढून अण्णांच्या पानाशी ठेवला.

त्यांनी तो बोटांत धरून उजेडाकडे नेला. बराच वेळ बघितला.

"बेदान्याची शेड झाडताना सापडला व्हय गं ह्यो?"

शीतल हसला. मीही हसले, तोंडात भाकरी, आणि तशीच बोलत राहिले, की बघा अण्णा, डॉक्टर म्हणतात वर्तमानात जगा, पोरगी म्हणते, आता हा परका पोरगा येऊन सांगतोय, आणि मला उद्या सकाळी सातला गाडी—

भाकरीचा तुकडा अडकला. मी खोकले. सुजाता पाणी घ्यायला उठली.

अण्णांनी तिला हाताने थांबवलं. मग त्यांनी आपलं जेवण बाजूला ठेवलं, माझ्याकडे वळले आणि माझ्या गळ्याकडे बघत राहिले. घट्ट, रोखून.

"आदी गिळ," ते म्हणाले. "मग बोल."

मी गिळलं. त्यांची नजर हलली नाही.

"आ म्हन."

"आवं अण्णा, काय लहान हाय का मी? सहा वाजून गेलेत, मला—"

"म्हन."

मागे उसावर सूर्य होता, अजून थोडा. मी 'आ' म्हटलं.